घराबाहेर पडलेली विद्या



आमचे आसेगाव वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यात आहे. या तालुक्याच्या गावाला दोन नावे आहेत. सरकारी दप्तरात ते मंगरुळपीर. पण कित्येक लोक त्याला मंगरुळनाथ म्हणतात. एका नावात दर्ग्यातील पीर आहेत, दुसऱ्यात नाथपंथी साधू आहेत. नावावरून कुणाला वाद घालायचा असेल तर त्याने तो खुशाल घालावा. आम्हांला मात्र या दोन नावांत एक साम्य दिसते. पीर असो की नाथ, दोहोंच्या परंपरेत साधना पुस्तकातून उचलायची नसते. ती गुरूने द्यायची असते आणि शिष्याने पात्रता पटवून घ्यायची असते. आणि दिलेली साधना पुढे दुसऱ्याला देण्याचा अधिकार हा त्याहूनही निराळा. तो सर्वच शिष्यांना मिळतो असे नाही.

हा शेवटचा मुद्दा आजचा आमचा विषय आहे. एखादी ध्यानविद्या ज्या मठात, केंद्रात किंवा संस्थेत उगवली, त्या घराबाहेर पडून ती शिकवावी काय? शिकवणाऱ्याने कुणाची परवानगी घ्यावी? हा विषय निवडण्याचे कारण आमच्या गावातच घडले. गावात एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी तुरीची रास घरात आल्यावर ते एका संस्थेच्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिरास गेले, पुढे पुन्हा दोनदा गेले. घरी ते पहाटे व सायंकाळी तासभर बसतात. गावातील तीन-चार तरुण त्यांच्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, आमाले बी शिकवा ना." गुरुजी म्हणाले, "शिकवायचा मले अधिकार नाही, बापू. तसं लिहून देऊन आलो मी." मुलांना ते पटले नाही. येणारे पाणी स्वतःच्या विहिरीत आहे, शेजारी तहानलेला आहे, आणि कागदावर सही केली म्हणून पोहरा द्यायचा नाही, हे कसले शास्त्र, असे एकाने आम्हांलाच विचारले. आम्ही इतिहासाचे वाचक. आम्हांला एकदम उत्तर सुचले नाही. म्हणून आम्ही मागे जाऊन पाहू लागलो की, हा प्रश्न आपल्याकडे यापूर्वी कुणाला पडला होता काय.

पडला होता, आणि सातशे वर्षांपूर्वी पडला होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन लावून बसण्याचे, मन आवरण्याचे थोडे श्लोक आहेत. ज्ञानेश्वरांनी त्यांचा विस्तार करताना कुंडलिनी जागी होण्यापासून पुढची सर्व वाट मराठी ओवीत मांडली. त्या वाटेला त्यांनी पंथराज म्हटले. मूळ गीतेत हे इतक्या तपशिलाने नाही. ते नाथांच्या घरचे आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपली परंपरा ज्ञानेश्वरांनी अखेरच्या अध्यायात स्वतःच सांगितली आहे. कानात सांगण्याची गोष्ट त्यांनी चारचौघांच्या भाषेत, चारचौघांसमोर सांगितली.

ते बंडखोर होते काय? आमच्या मते नव्हते. गहिनीनाथांनीच निवृत्तिनाथांना, कलीने गांजलेल्या जीवांना लवकर सोडव, अशी आज्ञा केली, असे ज्ञानेश्वर सांगतात. म्हणजे दार आतून उघडले गेले. परंतु पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सहावा अध्याय सर्वांसाठी मोकळा झाला, पण तो वाचून किती लोक पंथराजाच्या वाटेने गेले? महाराष्ट्रात पसरले ते नामस्मरण, पसरली ती वारी. तुळशीची माळ गळ्यात घातली, पंढरीची वाट धरली, की झाला वारकरी. ग्रंथ उघडा करणे ही एक गोष्ट आणि त्यातील विद्या माणसाच्या अंगी उतरवणे ही दुसरी, हे येथे प्रथम दिसते. ग्रंथाचेही रक्षण करावेच लागले. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पाठात कुणी आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी ताकीद देऊन ठेवली. दार उघडे ठेवायचे, पण आतल्या वस्तूत भेसळ होऊ द्यायची नाही, ही दोन्ही कामे एकदम करणे किती अवघड असते!

त्याच काळात आमच्या वऱ्हाडात अगदी उलट घडले. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातले गाव महानुभावांची काशी. चक्रधरांनी मराठीत निरूपण केले. त्यांच्यामागून आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात ग्रंथ करू पाहणाऱ्या पंडित शिष्याला अडवले. संस्कृतामुळे पंथातील साध्याभोळ्या बायाबापड्या वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. इतके लोकाभिमुख असलेले हे लोक! पण पुढच्या शतकात याच पंथाने आपले मराठी ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहावयास सुरुवात केली. ती लिपी पंथाबाहेरच्या माणसाला वाचता येत नसे. भाषा लोकांची आणि कुलूप पंथाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि लीळाचरित्रासारखे मराठीचे आद्य गद्य आपल्या हाती आले. कुलूप लावणाऱ्यांना आपण दोष देतो. पण त्या कुलपामुळेच काही पोथ्यांचे पाठ भ्रष्ट न होता टिकले, हेही खरे आहे. (आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. काळ असा सूड उगवतो.)

तिसरे उदाहरण आमच्या शेजारचे आणि फारच विलक्षण आहे. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले, तान्हेपणीच दृष्टी गेली आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १९१५ साली, देह ठेवला. त्यांनी आपला गुरू कुणा जिवंत मठाधिपतीस केले नाही. ज्ञानेश्वरांनीच आपल्याला मंत्र दिला अशी त्यांची श्रद्धा होती आणि स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. सहाशे वर्षांचे अंतर एका उडीत ओलांडले. मधल्या कुठल्याही गादीची सही नाही, शिक्का नाही. वऱ्हाडाने त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून मान दिला. अधिकारपत्र कुठे आहे असे त्यांना विचारणारेही असतीलच, पण लोकांनी पाहिले ते त्यांचे ज्ञान.

आता अर्वाचीन काळाकडे येऊ. अर्वाचीन काळात पंथाच्या जागी संस्था आली. तिला घटना असते, विश्वस्त असतात, नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्रात आज सर्वांत अधिक लोक ज्या ध्यानसंस्थेचे नाव जाणतात ती इगतपुरीची, विपश्यनेची. तिची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिच्या पोटात आहेत.

ब्रह्मदेशात लेडी सयाडो नावाचे एक मोठे भिक्षू होते. त्यांचा काळ १८४६ ते १९२३. तोवर ध्यान हे मुख्यतः भिक्षूंचे काम, गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे, अशी तेथील रीत होती. लेडी सयाडोंनी गृहस्थांसाठी सोप्या भाषेत लिहिले आणि त्यांना ध्यानही शिकवले. त्यांच्या शिष्यांत सया थेट नावाचा एक शेतकरी होता. होय, शेतकरी! रंगूनजवळ नदीपलीकडच्या खेड्यात त्याची भातशेती होती. पटकीच्या साथीत मुलगा गेला, मुलगी गेली, आणखी नातलग गेले. तो दुःखाने घर सोडून निघाला, वर्षानुवर्षे साधना करून परत आला, आणि लेडी सयाडोंनी त्याला शिकवण्याची अनुज्ञा दिली. भिक्षूंच्या देशात एक साधा शेतकरी ध्यानगुरू झाला, हे त्या काळी सर्वांना रुचले असेल असे आम्हांला वाटत नाही.

या शेतकऱ्याकडे १९३७ साली एक कारकुनी पेशातला माणूस आला. त्याचे नाव उ बा खिन. पुढे ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा हेच गृहस्थ देशाचे अकौंटंट जनरल झाले. त्यांनी कचेरीतील आपल्या हाताखालच्या लोकांना ध्यान शिकवावयास आरंभ केला आणि १९५२ साली रंगूनला स्वतंत्र ध्यानकेंद्र काढले. हिशेब तपासणारे खाते आणि ध्यान यांचे नाते कुणाला विचित्र वाटेल. आम्हांला वाटत नाही. स्वतःच्या मनाची रोजकीर्द रोज तपासणे हेच तर ते काम.

१९५५ साली त्यांच्याकडे एक तरुण मारवाडी व्यापारी आला. सत्यनारायण गोयंका, जन्म १९२४, मंडालेचा. घराणे सनातनी हिंदू. त्यांना अर्धशिशीचा असा त्रास होता की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे. केवळ डोकेदुखी बरी व्हावी म्हणून येत असाल तर येऊ नका, असे उ बा खिन यांनी त्यांना प्रथमच बजावले. ते विचार करून पुन्हा आले आणि चौदा वर्षे शिष्य म्हणून राहिले. १९६९ साली उ बा खिन यांनी त्यांना आचार्य म्हणून नेमले. गुरूला स्वतःला भारतात येण्याची फार इच्छा होती, पण देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळाली नाही. शिष्य आला. जुलै १९६९ मध्ये मुंबईला एका धर्मशाळेत पहिले शिबिर झाले. शिबिरार्थी किती? चौदा, आणि त्यांत गोयंकांचे आईवडीलही होते.

आता या साखळीकडे श्रोत्यांनी नीट पाहावे. भिक्षूकडून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून सरकारी अधिकाऱ्याकडे, अधिकाऱ्याकडून परधर्मीय परदेशी व्यापाऱ्याकडे. प्रत्येक पायरीवर विद्या जुन्या घराबाहेर पडली आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारले असणार, याला काय अधिकार? आणि प्रत्येक वेळी मागच्याने पुढच्याच्या हाती किल्ली दिली म्हणून ती पुढे गेली.

इगतपुरीला १९७४ मध्ये जागा घेतली गेली, १९७६ मध्ये धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. आणि तेथे, घर सोडून आलेल्या विद्येने स्वतःचे घर बांधले. ते घर फार शिस्तीचे आहे. पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन, वाचन नाही, लेखन नाही, टेलिफोन नाही. शुल्क एक पैसाही नाही. ज्याने एक शिबिर पुरे केले आहे त्याच्याकडूनच दान घेतात, बाहेरच्याचे घेत नाहीत. शिकवतात ते सहायक आचार्य, पण सूचना आणि प्रवचने गोयंकांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणावरून होतात. गोयंका २०१३ च्या सप्टेंबरात वारले. आवाज मात्र अजून तोच आहे. सहायक आचार्याने प्रश्नांची उत्तरे द्यावीत, साधकावर लक्ष ठेवावे, आपली भर घालू नये. आणि शिबिर केलेल्या साधकाने स्वतः साधना करावी, पण नेमणूक झाल्यावाचून दुसऱ्यास शिकवू नये. एकनाथांची ताकीद येथे यंत्राच्या साहाय्याने पाळली जाते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पैसा नाही, मग हा पहारा कशासाठी? शुद्धतेसाठी, असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. उ बा खिन यांच्याच इतर शिष्यांकडे पाहिले म्हणजे त्यांची भीती समजते. ते १९७१ साली वारल्यावर रंगूनच्या केंद्रातील शिष्यमंडळी पुढे इंग्लंडात गेली आणि त्यांनी आपली शाखा उघडली. तो प्रवाह आजही इगतपुरीहून निराळा वाहतो. रूथ डेनिसन या जर्मन बाईंना उ बा खिन यांनीच शिकवण्याचा अधिकार दिला होता. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ध्यानाला शरीराच्या हालचालींची, नृत्याची जोड दिली. एकाच गुरूचे तीन शिष्य, तीन वाटा, आणि अधिकार तिघांनाही खरा. तर मग शुद्ध कोण? आमचे साधे मत असे की, नदीला उगम एकच असतो, पण कुठल्या घाटावरचे पाणी खरे हा प्रश्न नदी विचारीत नाही. घाटावर बसलेले विचारतात.

विनापरवाना वाटही निघालीच. बोधगयेच्या शिबिरांत सत्तरीच्या आरंभी पुष्कळ पाश्चात्त्य तरुण येत. शॅरन साल्झबर्ग या अमेरिकन मुलीने १९७१ च्या जानेवारीत तेथे गोयंकांचे शिबिर केले. पुढे तिने आणि तिच्या मित्रांनी, मुनींद्र, दीपा मा अशा इतर गुरूंकडूनही शिकून, मॅसॅच्युसेट्समध्ये आपले केंद्र काढले. त्यांनी चार ठिकाणचे एकत्र केले. त्याच प्रांतातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी तर बुद्धाचे नावही बाजूला ठेवून, दुखण्याने जर्जर झालेल्या रोग्यांसाठी आठ आठवड्यांचा ध्यानाचा पाठ बसवला. आज जगातील कितीतरी इस्पितळांत तो चालतो. संस्थेचा शिक्का नसता तर विद्या मेली असती, असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. पण त्या इस्पितळात डॉक्टर होते, रोग्याची नोंद होती, आठ आठवडे त्याची चौकशी करणारे कुणीतरी होते, हे मात्र विसरू नये.

आमच्या विदर्भात हा प्रश्न आणखी एका बाजूने आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली आणि दोन महिने पुरे होण्याच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. गावोगाव बौद्ध झाले. शिकवणारे भिक्षू कुठे होते? त्या ६ डिसेंबरला नागपुरात संघरक्षित नावाचे एक इंग्रज भिक्षू होते. त्यांनी शोकाकुल वस्त्यांत सभांमागून सभा घेतल्या. पुढे त्यांनीच लंडनला, जुन्या भिक्षुसंघाच्या चौकटीबाहेर, एक नवा बौद्ध संघ स्थापला. त्या संघाचे लोकमित्र योगायोगाने १९७७ च्या ऑक्टोबरात नागपूरला उतरले, दीक्षेच्या वर्धापनदिनाचा जनसागर त्यांनी पाहिला, आणि पुढल्याच वर्षी पुण्यात राहून वस्त्यांतून आनापानसती आणि मैत्रीभावना शिकवू लागले. चीवरधारी भिक्षूची वाट पाहत बसले असते तर पुण्यातील त्या वस्त्यांना ध्यान कधी मिळाले असते कोण जाणे.

आता दोन उदाहरणे थोडक्यात. त्यांत विद्येपेक्षा नावाचा आणि पैशाचा भाग अधिक आहे.

महेश योगी हे ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य. गुरू १९५३ साली समाधिस्थ झाले. महेश योगी कायस्थ; पीठाची गादी त्यांच्याकडे येणे शक्य नव्हते. त्यांनी पीठाबाहेर पडून मंत्रध्यान शिकवावयास आरंभ केला, १९५७ च्या सुमारास मद्रासला आपली चळवळ स्थापन केली, आणि पुढे दशकभरात युरोप-अमेरिका जिंकली. म्हणजे हेही घर सोडून निघालेलेच. पण त्यांच्या चळवळीने नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली, शुल्क लावले, आणि प्रशिक्षित शिक्षकावाचून कुणी शिकवू नये असा नियम केला. मग हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी, ज्यांनी याच चळवळीच्या साधकांवर प्रयोग केले होते, १९७५ साली पुस्तक लिहून सांगितले की, कुठलाही एक शब्द घ्या, शांत बसा, श्वासाबरोबर म्हणा. शरीर तसेच निवते. विद्या पुन्हा घराबाहेर! इकडे न्यू जर्सीच्या सरकारी शाळांत हे ध्यान शिकवले जात होते. ते धर्मशिक्षणच आहे म्हणून वरिष्ठ न्यायालयाने १९७९ साली ते बंद ठरवले. चळवळ म्हणत होती हे शास्त्र आहे. न्यायालयाने दीक्षेच्या वेळची गुरुपूजा पाहिली.

दुसरे पुण्याचे. रजनीशांनी १९७० साली मुंबईत सक्रिय ध्यान प्रथम करवले, १९७४ पासून पुण्यात आश्रम चालवला, १९८९ मध्ये ओशो हे नाव घेतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या प्रतिष्ठानाने ओशो हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. बाहेर पडलेल्या अनुयायांनी अमेरिकेत दाद मागितली. १३ जानेवारी २००९ रोजी तेथील व्यापारचिन्ह मंडळाने निकाल अनुयायांच्या बाजूने दिला. युरोपात मात्र २०१७ साली न्यायालयाने तेच चिन्ह कायम ठेवले. म्हणजे एकच ध्यान शिकवणारा माणूस अटलांटिकच्या एका काठावर ते नाव मोकळेपणी लावू शकतो, दुसऱ्या काठावर त्याला वकिलाला विचारावे लागते. ज्या पुरुषाने जन्मभर संघटित धर्माची टर उडवली त्याच्या नावाची ही गत व्हावी, याला काय म्हणावे!

कायदा येथे एक भेद करतो आणि तो आपण ध्यानात ठेवावा. नावावर मालकी सांगता येते. रीतीवर सांगता येत नाही. कलकत्त्याचे बिक्रम चौधरी यांनी सव्वीस आसने व दोन प्राणायाम यांच्या क्रमावर हक्क सांगून आपल्याच जुन्या शिष्यांवर खटला भरला, तेव्हा २०१५ साली अमेरिकेच्या न्यायालयाने सांगितले की, हा क्रम म्हणजे एक पद्धती आहे, आणि पद्धतीवर लेखनहक्क नसतो. श्वास कुणाच्याही मालकीचा नाही.

पण आमच्या गुरुजींना कायद्याची भीती नव्हतीच. त्यांनी शब्द दिला होता. आणि आमच्याकडे नवीन काळाची एक भानगड आली आहे, तीही येथे सांगितली पाहिजे. आता गुरूही लागत नाही, संस्थाही लागत नाही. मोबाइलमध्ये दहा जणांचे आवाज आहेत, डोळे मिटा म्हणतात, आणि खेड्यातला पोरगा रात्री गच्चीवर डोळे मिटून बसतो. ज्या तीन-चार तरुणांना गुरुजींनी नाही म्हटले त्यांतला एक असाच बसू लागला. सोयाबीन दोन हंगाम लागोपाठ हातचे गेले होते, कर्ज होते, झोप नव्हती. मनाला शांतता मिळेल म्हणून तो एक तास बसे, मग तीन तास, मग रात्रभर. दिवाळीच्या आधी त्याच्या आईने गुरुजींना निरोप पाठवला. पोरगा चार दिवस झोपला नव्हता, एकसारखा बोलत होता, रडत होता, आणि मधूनच आपल्याला सर्व कळले म्हणून हसत होता.

गुरुजींनी त्याला वाशीमला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी औषध दिले आणि हे बसणे काही महिने पूर्ण बंद ठेवा म्हणून सांगितले. चांगल्या संस्था शिबिराच्या अर्जातच पूर्वीच्या मानसिक आजाराची चौकशी करतात, ती का, हे गुरुजींना तेव्हा नीट उमगले असे ते म्हणतात. त्या रात्रीपासून सहा रात्री ते त्या घराच्या ओसरीवर झोपले. मुलगा बरा झाला. आज तो रब्बीचा हरभरा काढतो आहे.

गुरुजींनी आपल्या संस्थेला सारी हकिगत लिहून कळवली आणि विचारले की, गावात कुणी शिकवायला पाठवाल काय, नाही तर मी तरी काय करू? उत्तर आले. ते सभ्य होते. मुलांनी अर्ज करून शिबिरास यावे, दहा दिवस सवड काढावी, इतकेच त्यात होते. त्यात चूक काही नाही. पण ज्याच्या घरी दोन बैल आणि म्हातारी आई आहे, त्याने पेरणी ते कापणीच्या दरम्यान दहा दिवस कुठून काढावेत? शासकीय कर्मचाऱ्यांना अशा शिबिरासाठी पगारी रजा मिळते. वावराला रजा कोण देतो? शाळांची सोय झाली आहे हे खरे. मित्र उपक्रम या नावाने आपल्या राज्यातील शाळांतून दहा-पंधरा मिनिटांचे आनापान, म्हणजे नुसता श्वास पाहणे, मुलांकडून करवून घेतात. शिक्षक स्वतः शिबिर करून आलेले असतात आणि ध्वनिफितीचा आधार घेतात. म्हणजे संस्थेलाही जेव्हा पटते तेव्हा ती दाराची फट थोडी मोठी करते. सहावीतल्या मुलाला जे देता येते ते त्याच्या बापाला देता येऊ नये, असे आम्हांला वाटत नाही.

आमचे मत आम्ही गुरुजींना सांगितले. आम्ही म्हटले, गुरुजी, विद्या घराबाहेर पडते तेव्हा ती चोरी होत नाही; ज्ञानेश्वरांपासून सया थेट शेतकऱ्यापर्यंत सारे त्याच वाटेने आले. पण घर सोडताना लोक मंत्र घेतात, रीत घेतात, कधी नावही घेतात, आणि घराने उचललेले ओझे तेवढे मागे ठेवून येतात. शिष्याची रात्र बिघडली तर त्याच्या उशाशी कोण बसणार, हे ते ओझे. ते तुम्ही त्या पोराच्या ओसरीवर सहा रात्री उचलले आहे. आता अधिकार आणखी कुणाकडून आणायचा?

गुरुजी हसले, मान हलवली. त्यांनी दिलेला शब्द मोडला नाही. ते शिकवत नाहीत. संक्रांतीपासून ते पहाटे पाचला घरात न बसता समाजमंदिराच्या ओट्यावर बसतात. त्यांनी गावात एवढेच सांगितले, "मी बसतो. कोणाले बसायचं असंल तर बसा. तासाच्या वर बसू नका, अन् झोप उडाली तर मले उठवा, कितीबी वाजले तरी." पहिल्या आठवड्यात दोघे होते. आम्ही या व्याख्यानासाठी निघालो त्या दिवशी अकरा होते, त्यांत त्या मुलाची आई होती. मुलगा स्वतः बसत नाही. डॉक्टरांनी अजून मना केले आहे. तो बाजूला उभा राहतो, तास भरला की सर्वांना चहा देतो.